गाडीला अर्थ मिळत नाही

गाडी रविवारी संध्याकाळी भंगारात गेली. हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. गाडी अंगणात स्टँडवर उभी आहे, जराशी डावीकडे कललेली, आणि मी तिच्यापुढे पाना घेऊन बसलोय.

ही मोटरसायकल माझी आणि दादाची. वडलांनी दोघांत मिळून ठेवली, म्हणजे भांडायला काहीतरी राहील. दिवसा मी चालवायची, अंधार पडला की दादाने. त्याची कामाची पाळीच रात्रीची. भांडण लागलं ते पेट्रोलच्या काट्यावरून. मी बघायचो तेव्हा काटा अर्ध्याच्या वर. दादा बघायचा तेव्हा तळाला. दादाचं म्हणणं, मी पेट्रोल काढून विकतो. माझं म्हणणं, दादाला काटा वाचता येत नाही. शेवटी आम्ही एकमेकांशी बोलणं टाकलं आणि घरातला सगळा व्यवहार वहिनीमार्फत सुरू झाला.

"त्याला विचार, मीठ देतो का," दादा माझ्या शेजारी बसून म्हणायचा.

"भावजी, मीठ देता का?"

"त्याला सांग, बरणीचा काटा तळाला आहे. मीच विकलं असेल."

अशात मला नोकरी लागली. घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपायचे. अट एकच, स्वतःचं वाहन हवं. सोमवारी गाडी घेऊन हजर व्हायचं, नाहीतर नोकरी दुसऱ्याला. दादाला हे कळलं त्याच दिवशी त्याने वहिनीकडे निकाल दिला.

"त्याला सांग, रविवारच्या संध्याकाळपर्यंत काटा खरं बोलायला लागला नाही, तर गाडी भंगारात."

"अर्धी माझी आहे म्हणावं," मी म्हणालो.

"मग माझी अर्धी भंगारात. कुठली अर्धी, ते त्याने ठरवावं."

म्हणून रविवारी सकाळपासून मी अंगणात. पहिला संशय टाकीतल्या तरंगणाऱ्या गोळ्यावर होता. तो काढला, हलवून बघितला, निर्दोष सुटला. स्पीडोमीटरचं काही बिघडलं नव्हतं. तो चाकाकडून आलेल्या केबलवर फिरतो, विजेशी त्याचं देणंघेणं नाही. घरात सरळ वागणारा तो एकटाच. पण पेट्रोलचा काटा आणि बॅटरीचा काटा, दोघांचे रंग निराळेच. उजवा इंडिकेटर लावला की दोघं मिळून माना डोलवायचे. सहज हेडलाइट लावला, तर दोघं एकदम तळाला. बंद केला, दोघं वर.

मी चार वेळा लाइट लावला आणि बंद केला. दादा गाडी अंधारात चालवतो, म्हणजे लाइट लावून. मी दिवसा, लाइटशिवाय. इतके महिने आम्ही दोघंही खरं बोलत होतो. असं आमच्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

दोन काटे एकदम खोटं बोलतात तेव्हा खोट दोघांच्या सामाईक जागी असते. बॅटरीतून आलेला करंट काम संपल्यावर गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीकडे जातो. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये अर्थ म्हणतात. ती वाट अडली की एका दिव्याचा भार काट्यांच्या डोक्यावर बसतो. मी बॅटरीच्या वजा टोकापासून एक सुटी वायर थेट काट्यांच्या डब्याला लावून धरली. हेडलाइट लावला. काटे जागचे हलले नाहीत.

मग अर्थच्या वायरचा नट खोलला. खाली लोखंड असायला हवं होतं, तिथे हिरवा ऑइलपेंट होता, जाड, सायीसारखा. आमच्या फाटकाचाही तोच रंग. मागे दादाने फाटक रंगवलं होतं आणि उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून गाडीची चासी, म्हणजे अख्खा लोखंडी सांगाडा. नटाखाली, नटावर, नटाच्या आजूबाजूला.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून ओरडलो, "वहिनी, त्याला सांग, त्याने रंग फासलाय म्हणून गाडीला अर्थ मिळत नाहीये. पॉलिश पेपर आणतो, घासतो, संपलं."

कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं. पुढच्या दुकानात गेलो.

इकडे वहिनीने निरोप पोचवला. दिवसभर निरोप वाहून तिला त्यातलं जास्तीचं वजन उतरवायची सवय लागली होती. ती दादाला म्हणाली, "भावजी म्हणतात, गाडीत काही अर्थ नाही. संपलं."

मी परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि गाडी दादाने आधीच सांगून ठेवलेल्या भंगारवाल्याच्या टेम्पोत आडवी होती. हँडल तोडून शेजारी ठेवलेलं. दादा फाटकाला टेकून उभा होता आणि कित्येक महिन्यांनी थेट माझ्याशी बोलला.

"उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची."

"अर्थ म्हणजे वायर," मी म्हणालो. "परतीची वायर. तुझ्या रंगाखाली दबली होती. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग मराठीत सांगायचं होतं."

"मराठीतच सांगितलं."

वहिनी खिडकीतून म्हणाली, "मला मध्ये घेऊ नका."

"पेट्रोल मी विकत नव्हतो," मी म्हणालो. "तूही खरं बोलत होतास, मीही. उतरव गाडी. उद्या मला नोकरीवर जायचंय."

दादाने फाटकाकडे बघितलं. नंतर टेम्पोतल्या चासीकडे. दोन्ही हिरवं. त्याला सगळं कळलं होतं, ते मला त्याच्या कानांवरून दिसत होतं. लहानपणापासून तेवढेच लाल होतात.

"म्हणजे खोट मी केली?"

"हो."

तो भंगारवाल्याकडे वळला. "जा रे घेऊन."

"साहेब, हे म्हणतायत उतरवा."

"त्याला काय कळतंय? चोर आहे तो. जा."

टेम्पो गेला. दादा घरात गेला आणि आतून वहिनीला म्हणाला, "त्याला सांग, फाटक लावून घे." वहिनीने सांगितलं नाही. मीही लावलं नाही.

सोमवारी मी बसने गेलो, पोचलो तेव्हा माझा टापू दुसऱ्याला दिला होता. तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला आणि खिडकीत दिला:

प्रति, मा. अधिकारी, मीटर वाचन विभाग. महोदय, अर्जदाराचे वाहन अर्थाअभावी निकालात निघाले असून अर्जदार बसने हजर आहे. तरी आपल्या हद्दीतील सर्व घरांचे मीटर काढून अर्जदाराच्या अंगणातील भिंतीवर एका रांगेत बसवण्यात यावेत, आणि ते बसवताना अर्जदाराच्या थोरल्या बंधूंना रंगाच्या डब्यापासून दूर ठेवण्याची व्यवस्था विभागाने स्वखर्चाने करावी, ही नम्र विनंती. कळावे.