पाव मैल, नऊ मिनिटं

यिशुनच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो गाळा मी भाड्यानं घेतला, तेव्हा गाडी आधीपासूनच आत होती, आणि गाळ्याबरोबर तीही माझ्याच गळ्यात पडली. मी गाळा कशासाठी घेतला होता ते नंतर आठवेनासं झालं. १९६८ सालची प्लिमथ, अमेरिकन, फिकट पिवळी, फक्त शर्यतीसाठी बनवलेली. वजन कमी करायला कंपनीनंच मागची सीट काढलेली, रेडिओ काढलेला, दारांचा पत्रा पातळ केलेला. काच वर घ्यायला हँडलसुद्धा नाही, एक पट्टा ओढायचा. अशी गाडी पाव मैल सरळ रस्ता साडेदहा सेकंदांत कापते.

सिंगापुरात ती रस्त्यावर आणायला परवानगी नव्हती आणि इस्टेटमध्ये इंजिन सुरू करायला बंदी होती. त्यामुळे दर रविवारी मी तिच्यात बसायचो आणि कुठेही जायचो नाही. सीटबेल्ट मात्र लावायचो.

अशी चार वर्षं गेली. मग २००६च्या ऑक्टोबरात दोन गोष्टी झाल्या. ब्रिस्बेनच्या एका माणसानं गाडी विकत घेतली, आणि माझ्या बायकोला, चैत्रालीला, पुण्यात नोकरी मिळाली. वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत ती यीस्ट वाढवायची. पुण्यातही तेच वाढवायचं होतं, पण स्वतःच्या मर्जीनं. जानेवारीत रुजू व्हायचं होतं.

"आणि तू कधी येणार?" तिनं विचारलं.

"मार्चमध्ये."

"कुठल्या सालच्या?"

प्रश्न रास्त होता. कुठलं काम किती दिवसांत होईल ते सांगणं हाच माझा धंदा. चांगी बिझनेस पार्कमध्ये मला त्याचे पैसे मिळतात. माझ्या सहा आठवड्यांच्या प्रोजेक्टला नुकतंच तिसरं वर्ष लागलं होतं. लग्नानंतर मी तिला म्हटलं होतं, सिंगापूर फक्त दोन वर्षं. आता सातवं चालू होतं.

"मुकुल, मी थट्टा करत नाहीये," ती म्हणाली. "तू येणार नसशील तर तसं सांग. मी यीस्टबरोबर राहीन. पण आकडा सांगायचा असेल, तर आयुष्यात एकदा तरी खरा ठरलेला आकडा मला बघायचाय."

म्हणून मी तिला या पाव मैलाच्या शर्यतींचा नियम सांगितला. शर्यतीआधी आपली गाडी किती वेळात पोचेल ते काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशनं लिहायचं. हळू गाडीला आधी सोडतात. जितका फरक, तितकं आधी. दोघांनी स्वतःबद्दल खरं लिहिलं असेल तर दोघं एकाच क्षणी रेषेवर पोचतात. आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात, तर हरलात.

"लवकर पोचलं तर हरतात?"

"हो."

"मग तू आजवर एकही शर्यत हरलेला नाहीस," चैत्राली म्हणाली.

गाडी न्यायला ट्रक आला त्या शनिवारी सकाळी धूर सगळ्यात जास्त होता. सुमात्रात जंगलं जळत होती आणि त्यांतलं बरंचसं यिशुनमध्ये येऊन उभं राहिलं होतं. समोरची इमारत आहे, हे विश्वासानंच मानायचं. ट्रक लांबलचक, आत वळेना, म्हणून फाटकापाशी थांबला. गाळ्यापासून फाटक चारशे दोन मीटर. म्हणजे बरोबर पाव मैल. पहिल्याच आठवड्यात मी टेपनं मोजलं होतं.

"नो इंजिन, लाह," सिक्युरिटीचे अंकल कोह म्हणाले. "पुश कॅन."

म्हणजे ढकलायचं. चैत्रालीनं बूटपॉलिशची बाटली माझ्यापुढे धरली. मी काचेवर लिहिलं : ९ मिनिटं. तिनं शेजारी स्वतःचं लिहिलं : ५. ती चालत येणार होती. पाव मैलाची ही राणी, आणि तिला एका चालणाऱ्या बाईपुढे चार मिनिटांची सवलत!

स्टिअरिंगला अंकल कोह बसले. त्यांच्या ब्याऐंशी किलोंमुळे आमचा वजनी वर्ग बदलत होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून बाहेर ठेवली.

"ग्रीन लाइट हॅव?" त्यांनी विचारलं. नव्हता. त्यांच्याकडे वाहनं थांबवायची लाल बॅटरी होती. तीच त्यांनी खिडकीतून हलवली. चैत्रालीनं घड्याळ सुरू केलं आणि मी ढकलायला लागलो.

पहिली दहा पावलं गाडी हललीच नाही, किंवा हलली असेल. मग मागचं सगळं पुसलं गेलं. गाळा गेला, चैत्राली गेली, शेवटी पायही गेले. मी डिकीवर कपाळ टेकलं. तिचा पत्रा गार होता आणि धुरात जळक्या गवताचा वास होता. आपण गाडी ढकलत नाही आहोत, तिला जागीच धरून ठेवून खालचं सिंगापूर हळूहळू मागे सरकवतो आहोत, असं वाटायला लागलं. ते बऱ्यापैकी हलकं निघालं. अधूनमधून आतून अंकल गुणगुणायचे. एकदा खिडकीचा पट्टा ओढून त्यांनी काच वर घेतली आणि पुन्हा खाली सोडली. बहुतेक आवडलं असावं.

फाटकाजवळची पिवळी रेषा दिसली तेव्हा मी मनगटावर पाहिलं. आठ मिनिटं दहा सेकंद.

मी गाडी थांबवली. रेषा दोन हातांवर होती.

"वाय स्टॉप?" अंकल म्हणाले.

"टू अर्ली."

ते मला चार वर्षं ओळखत होते. ते बाहेर उतरून माझ्याकडे बघत राहिले.

धुरातून चपलांचा आवाज आला. मग चपला आल्या, मग त्यांवर चैत्राली. ती माझ्या शेजारी थांबली. हातातल्या घड्याळात साडेआठ.

"पोचलास?"

"अजून नाही."

"मग मीपण नाही," ती म्हणाली आणि डिकीला टेकून उभी राहिली. अर्धं मिनिट आम्ही काहीच केलं नाही. मला वाटतं, सात वर्षांत आम्ही एकत्र थांबलेलं ते सगळ्यात लांब अर्धं मिनिट होतं. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि जगात रंग एकच होता, फिकट पिवळा.

"चल," ती म्हणाली. दोघांनी मिळून ढकललं. नऊला नऊ.

अंकल कोहनी टाळ्या वाजवल्या. ट्रकवाला गाडीला साखळ्या बांधायला लागला.

"मग आता मार्च खरा मानशील?" मी विचारलं.

"नाही," चैत्राली म्हणाली. "नियम काय सांगितलास? हळू असेल त्यानं आधी निघायचं. मी जानेवारीत पुण्याला जाणार, मग तू माझ्यानंतर कसा रे? तू डिसेंबरात नीघ."

"पण प्रोजेक्ट?"

"तो तुझ्याशिवायही रखडेल."

मी बूटपॉलिशची बाटली घेतली, ट्रकवर चढलो आणि आमचे दोन्ही आकडे पुसून काचेवर मोठ्ठं लिहिलं : १४ डिसेंबर. मी उतरलो आणि ट्रक सुरू झाला. वीस मीटरवर गाडी धुरात गेली, तीसवर तारीख गेली. आता पुसायची म्हटली तरी हाताला येणार नव्हती.

ब्रिस्बेनच्या माणसाचा मेल आला तो डिसेंबरात. सोबत काचेचा फोटो. गाडी छान आहे, पण हा शर्यतीचा कुठला वर्ग, असं त्यानं विचारलं होतं.

मी पुण्याहून उत्तर पाठवलं. चौदा तारखेला. पोचलो होतो तेराला, पण दिवसभर थांबलो.