रॉस्कोच्या मापाची स्की

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे. बर्फावरची नव्हे, पाण्यावरची. आणि जोडीतली नव्हे, एकटी. माझ्यावर दोन्ही पाय एकामागे एक ठेवायचे, मोटारबोटीला बांधलेल्या दोरीचा दांडा हातात धरायचा आणि बोट नाकासमोर जात असताना आपण डावीउजवीकडे वळत पाण्यातल्या सहा नारिंगी गोळ्यांना बाहेरून वळसा घालायचा. एवढेच माझे काम. टुपेलो तळ्याकाठची माणसे मात्र त्यासाठी पहाटे उठतात, रविवारची प्रार्थना चुकवतात आणि वर पाद्रीबुवांनाही बोटीत बसवून आणतात.

ज्या साच्यातून मी निघाले, तिथेच माझे नशीब ठरले. माझ्या शेजारच्या साच्यातली बहीण कमरेत रुंद होती. ती हळू वेगातही तरंगून राहायची आणि माणूस चुकला तरी सांभाळून घ्यायची. मी अरुंद आणि ताठ. वेग मिळाला तर वळणावर मी पाणी घट्ट धरते, वेग नसेल तर बुडते, आणि वरच्या माणसाने चूक केली तर त्याला तोंडावर आपटते. यात माझा दुष्टपणा काही नाही. माझा बांधाच तसा आहे.

तळ्याकाठी हॉलिस पीवीचे दुकान आहे. तिथे मासेमारीचे आमिष, उकडलेल्या शेंगा आणि स्की अशा तीन वस्तू मिळतात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे त्याच्या गिऱ्हाइकांना कुणी शिकवलेले नसते. कालपरवा उभा राहायला शिकलेला माणूस येतो आणि स्पर्धेतली स्की मागतो. हॉलिस त्याला वजनकाट्यावर उभा करतो, दोन प्रश्न विचारतो आणि रुंद स्की काखेत देऊन घरी धाडतो.

रॉस्को टिलरी मला घ्यायला आला तेव्हा मात्र हॉलिसने वाद घातला नाही. रॉस्को विजेच्या खांबांवर चढणारा, अंगापिंडाने दांडगा माणूस. तीन स्की उसन्या नेऊन, पाण्यात घालून, चौथ्या खेपेला तो माझ्यापाशी थांबला.

"नेडीन हसणार मला," तो म्हणाला. नेडीन म्हणजे त्याची बायको. "लग्नाच्या सुटाचासुद्धा एवढा विचार केला नव्हता मी."

"सूट भाड्याचा होता तुझा," हॉलिस म्हणाला. "त्याची आखूड बाही अजून डोळ्यांपुढे आहे माझ्या."

रॉस्कोने मला घरी नेले. आमच्यासारख्यांचे बूट स्क्रूने बसवतात आणि शेपटीखाली एक पाते असते, तेही पुढेमागे सरकवता येते. माणसाच्या वजनाप्रमाणे आणि सवयीप्रमाणे ते लावावे लागते. कुणाचा डावा पाय पुढे असतो, कुणाचा उजवा. रॉस्कोचा डावा. त्याने बूट बसवले, पाते लावले आणि मग पुढची सगळी वर्षे तो एका केसाएवढे पुढे, एका केसाएवढे मागे असे करत राहिला. नेडीन बोटीत उलट्या तोंडाने बसून त्याच्यावर नजर ठेवायची. तो सहाही गोळे पार करून आला की ती म्हणायची, "झालं समाधान? आता गवत काप." ती स्वतःही चांगली स्की करायची, पण रुंद स्कीवर, आरामात, उजवा पाय पुढे ठेवून. ती माझी चांगली वर्षे होती. तळ्यावरची तरुण मुले मला हातात घेऊन बघायची आणि रॉस्कोला 'सर' म्हणायची.

मग रॉस्को गेला. हार्डवेअरच्या दुकानात, रांगेत उभा असताना, छातीत कळ येऊन. हातात एक नळ होता म्हणतात.

आमच्या तळ्यावर एक रीत आहे. स्की करणारे माणूस गेले की त्याच्या घरातले कुणीतरी त्याच्या स्कीवर एकदा उभे राहते, गोळ्यांच्या मधून बोटीमागे सरळ जाते, कुठेही न वळता. मग ती स्की भिंतीवर टांगतात. नेडीन माझ्यावर उभी राहिली. रॉस्कोचे बूट तिला मोठे होते म्हणून तिने लोकरीचे मोजे दोन-दोन चढवले होते. बूट त्याच्या सवयीचे, म्हणून डावा पाय पुढे. ती सरळ गेली, सरळ आली. धक्क्यावर उभ्या असलेल्या बायका रडल्या. नेडीनने सगळ्यांचे आभार मानले, घरी आलेली जेवणाची भांडी कुणाकुणाची ते विचारून घेतले आणि मला ओल्या अंगानेच घरी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन परत धक्क्यावर आली. "हॉलिस, बोट काढ," म्हणाली. आणि या खेपेला ती सरळ गेली नाही.

मित्रांनो, माझ्यावर कोण उभे आहे हे मला वजनावरून कळते. रॉस्को वळायच्या आधी अंगठ्यावर भार द्यायचा, मी समजायचे. नेडीन भारच देत नव्हती. नुसती उभी असायची, कुणी आणून ठेवल्यासारखी. मी तिच्यापेक्षा लांब, तिच्या वेगाला अरुंद, तिच्या हाडांना ताठ. पहिल्याच गोळ्यापाशी माझे टोक पाण्यात घुसले आणि ती तोंडावर आपटली. तेही ठीक. पडतात सगळेच. तोल गेला की दांडा सोडायचा, हे या खेळात पहिल्या दिवशी शिकवतात. नेडीनने दांडा सोडला नाही. पालथ्या अंगाने ती बोटीमागे फरफटत गेली. हॉलिसने इंजिन बंद केले तेव्हा थांबली.

"लागलं का गं?"

"नाही."

"हात बघू."

"नाही लागलं म्हणाले ना. पुन्हा ने."

त्याने पुन्हा नेले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. पुढे तो रोजचा परिपाठ झाला. तिच्या दंडावर काळेनिळे डाग पडले, ओठ फुटला. ती रडत नव्हती, चिडत नव्हती, हसत तर नव्हतीच. एकदा हॉलिस चाचरत म्हणाला, "बूट तरी जरा मागे सरकवू का? तुझ्या वजनाला—"

"स्क्रूला हात लावायचा नाही," ती म्हणाली. आवाज चढवून नव्हे. पाणी गार आहे, अशा सुरात.

तळ्यावरच्या लोकांना सगळे दिसत होते. पण न विचारता दुसऱ्याच्या स्कीबद्दल बोलायचे नाही हा इथला शिष्टाचार. दुसऱ्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावे ठेवण्यासारखे ते समजतात. त्यातून ही नवरा गेलेली. सगळे मूग गिळून बसले. वर कौतुकही करायचे, "रॉस्कोला केवढं बरं वाटलं असतं." मला माहीत आहे, रॉस्कोने तिला माझ्यावर उभीच राहू दिली नसती. पण मी बोलू शकत नव्हते, आणि बोलू शकणारे बोलत नव्हते. मला तेव्हा वाईट वाटत होते का, ते सांगता येणार नाही. तिच्या पायाखाली राहून मीही तिच्यासारखीच बधिर झाले होते.

सुट्टीला तिची मुलगी कॉरिन अटलांटाहून आली आणि आईऐवजी नजर ठेवायला बोटीत बसली. त्या सकाळी नेडीन दुसऱ्या गोळ्यापाशी पडली. पुढचा पाय सैल बुटातून निसटला, मागचा अडकून राहिला. मी तिच्या घोट्याभोवती पिरगळले. मला ते थांबवता आले नाही. तिने दांडा तेव्हाही सोडला नाही. बोटीत ओढून घेतले तर घोटा सुजून टम्म झालेला.

"पुन्हा ने," नेडीन म्हणाली.

कॉरिन आईकडे बघतच राहिली. मग हॉलिसकडे वळली. "काका, हे रोज असंच चालतं?"

"तुझ्या आईला सांगणार कोण?"

"तुम्ही. गावातल्या निम्म्या पुरुषांना तुम्ही दुकानातून परत पाठवलंय. झेपत नाही म्हणून तोंडावर सांगितलंय."

"ती गिऱ्हाइकं असतात गं."

"मग हिला गिऱ्हाईक समजा."

हॉलिसने बोट धक्क्याला लावली, किल्ली काढून खिशात टाकली आणि तो दुकानात गेला. नेडीन लंगडत त्याच्या मागे गेली, किल्ली मागायला. कॉरिनने मला उचलून नेले आणि शेंगांच्या पातेल्याशेजारी भिंतीला टेकवले.

हॉलिसने नेडीनला स्टुलावर बसवले. आमिषाच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून तिच्या घोट्यावर ठेवला. मग गल्ल्यामागे जाऊन उभा राहिला, जसा रोज उभा राहतो.

"वजन किती?"

"तुला ठाऊक आहे."

"गिऱ्हाइकाचं मला काही ठाऊक नसतं."

"हॉलिस, किल्ली दे."

"कुठला पाय पुढे?"

बर्फाचे पाणी फरशीवर ठिबकत होते. "उजवा," ती शेवटी म्हणाली.

"मग हल्ली कुठला ठेवतेस?"

"त्याचा."

कॉरिन खिडकीकडे वळली. हॉलिसने एकदा नाक ओढले, पण पुढचा प्रश्न सोडला नाही. "गोळे किती होतात?"

"ह्याच स्कीवर सहाच्या सहा—"

"ते रॉस्कोचे. तुझे विचारतोय. आणि तुझा सगळ्यात चांगला दिवस सांगू नकोस. इथे येणारा प्रत्येक जण मला त्याचा चांगला दिवस सांगतो आणि मग हाडं मोडून घेतो. एखाद्या साध्या मंगळवारी तुझं काय होतं, ते सांग."

नेडीन बोलली ती माझ्याकडे बघत.

"साध्या मंगळवारी एकही होत नाही. मी गोळ्यांकडे बघतसुद्धा नाही, हॉलिस. पडल्यावर सोडायचं असतं हे मला कळतं रे. पण फरफटत नेलंस की कुणीतरी ओढतंय एवढं तरी समजतं. बाकी दिवसभर काही समजत नाही."

हॉलिसने तिला धीर दिला नाही. धीर द्यायचे त्याला जमतही नाही. तो मागच्या खोलीत गेला आणि पिवळी, चांगली रुंद स्की घेऊन आला, पोटाखाली मऊ, टोकाला गोल.

"ही नवशिक्यांची आहे," नेडीन म्हणाली.

"हो."

"मी लग्नाआधीपासून स्की करतेय."

"ते स्कीचं झालं," हॉलिस म्हणाला. "पण ह्याच्यात तू नवशिकीच आहेस, नेडीन. रॉस्कोशिवाय तू कधी राहिली होतीस?"

नेडीन पिवळी स्की मांडीवर आडवी घेऊन बसून राहिली. कॉरिनने शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवल्या, तेव्हा तिने त्या खाल्ल्या.

घोटा बरा होईपर्यंत कुणी तळ्यावर गेले नाही. मग एका सकाळी तिघे गेले. नेडीनने मलाही बरोबर घेतले होते, पण धक्क्याच्या खांबाला टेकवून ठेवले. म्हणून मला सगळे दिसले. हॉलिसने बोट अगदी हळू काढली. नेडीन पिवळ्या स्कीवर उजवा पाय पुढे ठेवून उठली. गुडघे वाकलेले. पहिल्या गोळ्याला तिने लांबूनच वळसा घातला, पण बाहेरून घातला. दुसऱ्यापाशी तोल गेला.

तिने दांडा सोडला.

दोरी एकटीच पुढे उड्या मारत गेली. नेडीन पाण्यात बसल्यासारखी हळूच खाली गेली, वर आली, आणि अंगातल्या तरंगत्या जाकिटाच्या आधाराने पाण्यावर राहिली. मग तिच्या तोंडून आवाज आला. आधी मला वाटले, लागले असेल. पण ती रॉस्कोला हाका मारत होती. मोठ्याने, तळ्याच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशी रडत होती. धक्क्यावरून मला ते ऐकू आले आणि त्या वेळी मलाही रडू आले असते, जर मला आसवे असती.

हॉलिसने बोट वळवली, पण फार लांबून वळवली. तिच्यापासून थोड्या अंतरावर इंजिन बंद केले आणि तो पाठमोरा बसून राहिला. आमच्याकडे माणूस पाण्यात पडले की बोटीतल्याने नारिंगी झेंडा वर धरायचा असतो, म्हणजे इतर बोटी जपून जातात. कॉरिन उभी राहिली आणि तिने झेंडा धरला. एरवी तो क्षणभरच लागतो. त्या दिवशी तिचा हात भरून आला, तिने हात बदलला, पण झेंडा खाली घेतला नाही. समोरून येणाऱ्या दोन बोटी थांबल्या आणि थांबूनच राहिल्या.

मी आता भिंतीवर टांगलेली असते. बूट अजून रॉस्कोच्या मापाचेच आहेत. माझ्यावर धूळ बसली आहे आणि एका कोळ्याने माझे पाते आणि खिळा यांच्यामध्ये संसार थाटला आहे. चालायचेच.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी घ्यायला जाल तेव्हा खोटे बोलू नका. आपण आज जेवढे आहोत तेवढीच मागा. रुंद मिळाली तर लाजू नका. आणि कुणी न झेपणारे काही पायात घालून रोज पाण्यात उतरताना दिसले, तर शिष्टाचार बाजूला ठेवून त्याला विचारा. तो पडला तर वर ओढायची घाई करू नका. झेंडा तेवढा धरून ठेवा.