पेटीच्या दोन कड्या

हत्यारांच्या दुकानात मी बराच वेळ नुसता उभा होतो. समोर तीन वस्तू मांडल्या होत्या: खांद्याला अडकवायची कॅनव्हासची पिशवी, चाकांची प्लास्टिकची पेटी, आणि पाठीवर घ्यायची एक काळी सॅक, जिच्या पोटात पाने, पक्कड, पेचकस यांच्यासाठी कप्पेच कप्पे शिवलेले होते. बोलण्याइतकाच निवडण्याचाही मला संकोच वाटतो. एक वस्तू हातात घेतली की उरलेल्या दोन माझ्याकडे रुसून पाहतात, असं काहीतरी.

दुकानदार ओळखीचा होता. पिशवीने एक खांदा जन्माचा खाली जातो, असं त्याने सांगितलं. चाकांची पेटी म्हणे सपाट जमिनीवर सून असते आणि जिन्यात सासू होते. उरली सॅक.

"डोळे झाकून घे," तो म्हणाला. "दोन्ही हात मोकळे राहतात."

मी दोन सॅक घेतल्या. एक माझी, एक मामाची.

मामा हीटिंगचा मिस्त्री. इमारतींच्या तळघरांत जे बॉयलर धुमसत असतात आणि ज्यांचं गरम पाणी हिवाळाभर भिंतींमधून, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरत राहतं, ते चालू ठेवणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. मी त्याच्याच हाताखाली शिकलो आणि शिकून झाल्यावरही त्याच्याच जोडीला राहिलो. आमची हत्यारं एका लोखंडी पेटीत असत. तिच्या दोन्ही टोकांना कड्या होत्या आणि ती एकट्याने उचलण्याजोगी नव्हती. पुढची कडी माझ्या हातात, मागची मामाच्या. जिना असो, बोळ असो, मी पुढे आणि तो मागे. कंपनीतले लोक आम्हाला बैलजोडी म्हणत. त्यावर मामाचं उत्तर ठरलेलं असे की बैल एकच आहे, दुसरा हाकणारा आहे. दोघांपैकी बैल कोण, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

पेटीत प्रत्येक हत्याराची खाच होती. मामा खाली न पाहता हात घालायचा आणि हवा तोच पाना बाहेर यायचा. मला ते वयाचं आणि सरावाचं वैभव वाटे. बॉयलर पेटवला की तो तोंड किंचित बाजूला वळवून विचारायचा, "काय म्हणते ज्योत?" मी काचेच्या लहानशा खिडकीतून पाहून सांगायचो, निळी आहे, स्थिर आहे. "आणि काटा?" मी दाबाचा काटा वाचून दाखवायचो. मग तो म्हणायचा, "पास." मला प्रमाणपत्र मिळालं, पगार वाढला, मिशी आली, तरी ही परीक्षा चुकली नाही. कधीकधी, विशेषतः घरमालक शेजारी उभा असला की, मला ती लागत असे. पण लागलेलं बोलून दाखवण्याचा माझा स्वभाव नाही.

मग एका इमारतीत आमच्या पेटीने संगमरवरी पायरीची कड उडवली. तक्रार झाली. साहेबांनी सांगून टाकलं की सोमवारपासून एका कामाला एकच माणूस, आणि ज्याची हत्यारं त्याने आपल्या अंगावर वाहायची. लोखंडी पेटी तर त्याच दिवसापासून बंद. मामाने त्या दिवशी घरापर्यंत पेटीची कडी एकदाही सोडली नाही. पेटीचं दुःख असेल, असं मी समजलो. मामीला मात्र आनंद झाला. त्या पेटीने माझ्या माणसाची कंबर खाल्ली, असं ती कित्येक हिवाळे म्हणत आली होती. आता भाच्याने हलकं काहीतरी आणावं, एक मामालाही आणावं, असा तिचा हुकूम होता.

सॅक मामाच्या पुढ्यात ठेवली तेव्हा त्याने ती बोटांनी चाचपली. एकेक चेन उघडली, मिटली. अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावरून हात फिरवावा तसा त्याचा हात त्या कप्प्यांवरून फिरत राहिला.

"कप्पे फार झाले रे," तो म्हणाला. "काखेत कळसा नि गावाला वळसा व्हायचा."

मी हसलो. मामीही हसली. तो मात्र संध्याकाळभर हत्यारं एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवत बसला होता, आणि म्हाताऱ्या माणसांना नवीन काही पचत नाही असं मला वाटत होतं.

जोडीने करायचं शेवटचं काम एका वसतिगृहाच्या तळघरात निघालं. जागा आम्हा दोघांनाही नवी होती. सॅक पाठीवर, हात रिकामे. मी भराभर पायऱ्या उतरून गेलो. खाली पोचल्यावर लक्षात आलं की मागून पावलं येत नाहीत. वळून पाहिलं. मामा सर्वांत वरच्या पायरीवर उभा होता. उजवा हात शरीरापासून थोडा दूर, गुडघ्याच्या वर, मूठ अर्धवट मिटलेली. पेटीची मागची कडी नेमकी तिथे असायची. तिथे आता हवा होती. मग त्याने भिंतीला तळवा लावला आणि एकेक पायरी पायाने शोधत तो खाली आला. कंबर धरली असेल, असं मी समजलो. माणूस इतक्या जवळून इतकं चुकीचं समजू शकतो.

बॉयलरपाशी त्याला पाना मिळेना. चेन उघड, चेन मीट, पुन्हा उघड. अखेर मी माझा दिला. काम झालं, त्याने बटण दाबलं, ज्योत पेटली. त्याने कान जरा तिरपा केला. मग नेहमीसारखं तोंड बाजूला वळवून विचारलं, "काय म्हणते ज्योत?"

सोमवारपासून मी एकटा असणार होतो. मनात थोडी ऐट होती, थोडी हुरहुर. मी म्हणालो, "आज तुम्ही सांगा, मामा. शेवटची परीक्षा मी घेतो."

तो हसला. वाकला. काचेपुढे बराच वेळ वाकून राहिला.

"निळी," तो म्हणाला. "स्थिर."

ज्योत पिवळी होती. लांब, आळशी, टोकाला काजळ धरणारी पिवळी. या धंद्यात पहिल्या दिवशी आलेल्यालाही ठाऊक असतं की अशी ज्योत विषारी हवा करते, आणि त्या हवेला ना रंग असतो ना वास. आमच्या डोक्यावर मजलेच्या मजले मुलं राहत होती. मी त्याच्या खांद्यावरून हात घालून गॅस बंद केला. पंप रेंगाळत थांबला आणि तळघर इतकं शांत झालं की पाइपातलं पाणी निवताना ऐकू येऊ लागलं.

"पिवळी होती?" त्याने विचारलं.

"हो."

"आवाजाने शंका आली होती. म्हटलं, निळीच असेल."

तो सॅकवर बसला आणि सांगत गेला. डोळ्यामागची नस सुकत चालली होती. गेलेलं परत यायचं नाही आणि राहिलेलं राहायचं नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. आधी रंग गेले, मग वस्तूंच्या कडा. आता उजेड कळे, अंधार कळे आणि त्यात हलणारी माझी आकृती कळे. मामीला त्याने काही सांगितलं नव्हतं. जिने तो पेटीच्या कडीवर उतरायचा. माझा हात खाली गेला की पायरी आली, माझा हात सरळ झाला की जमीन आली. इतकी वर्षं मी ओझं वाहत आहे असं मला वाटत होतं.

"मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेता," मी म्हणालो.

"घेतच होतो की. तू पास होत होतास म्हणून तर आजवर कुणी मेलं नाही." मग म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा म्हणतात. मला दोन मिळाले होते, तेही भाच्याचे."

मी घाईघाईने बोलू लागलो. साहेबांना सांगतो. एकट्याने जमत नाही म्हणतो. पेटी पुन्हा काढू, दुरुस्त करू, कडांना रबर लावू. इतकं सलग मी कधीच बोललो नव्हतो. त्याने ऐकून घेतलं.

"आज तू थट्टेत ज्योत सांगितली नाहीस तर काय झालं, बघितलंस ना," तो म्हणाला. "उद्या तुला ताप आला तर? नको रे. पेटी होती तोवर मी सगळ्यांना मामा बनवलं. स्वतःलासुद्धा. आता पुरे."

मी बर्नरकडे वळलो. 

बर्नरची हवा आत घेणारी जाळी धुळीने पार बुजली होती. मी ती साफ केली, पुन्हा पेटवलं. त्याने विचारलं नाही. मीच म्हणालो, "निळी आहे." त्याने मान हलवली. पास म्हणाला नाही. सॅक बंद करताना त्याची पक्कड फरशीवरच राहिली. ती मी माझ्या सॅकमध्ये टाकली. पायरीशी आल्यावर माझ्या सॅकचा एक पट्टा सैल सोडला आणि त्याचं टोक त्याच्या मुठीत दिलं. तो पट्टा वरपर्यंत ताठ होत राहिला, ढिला होत राहिला. 

साहेबांना त्याने कंबरेचं कारण सांगितलं. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की त्या मेल्या पेटीने शेवटी माणसाला घरी बसवलंच, भाच्याने सॅक आणायला उशीर केला. मी ऐकून घेतो. पेटी खिडकीखाली आहे. मामा कधीकधी तिच्यातली हत्यारं बाहेर काढतो, पुन्हा ज्याच्या त्याच्या खाचेत बसवतो. मामी म्हणते, दुसरं बालपण लागलंय. खिडकीतून बाहेर काय दिसतं, असं ती विचारते तेव्हा तो आभाळाबद्दल काहीतरी सांगतो. बहुधा बरोबर असतं.

मी आता एकटा तळघरं उतरतो. दोन्ही हात मोकळे असतात आणि त्यांचं काय करावं हे मला कळत नाही. बॉयलर पेटवला की काचेतून पाहतो आणि मोठ्याने सांगतो, निळी आहे, स्थिर आहे. काटाही वाचून दाखवतो. मग हत्यारं भरतो आणि वर चढू लागतो. सॅकचा एक पट्टा मी बांधत नाही. तो मागून प्रत्येक पायरीवर आपटत येतो.