मेथीतून फिरवलेलं मशीन

श्यामसुंदर सरांनी वीडर बोरिवलीहून गोराईच्या लाँचमधून आणला, तेव्हा बघायला अर्धा धक्का जमला होता. ओळींमधलं तण कापणारं मशीन ते, पेट्रोलवर चालतं. मी हँडल धरून उतरवत होतो आणि सर मागून सूचना देत होते. सर बँकेतून रिटायर झालेत, सूचना देण्याची सवय मात्र अजून नोकरीत आहे.

त्यांच्या अर्ध्या एकरावर मी आणि माझी बायको शकु नऊ वर्षं भाजी पिकवतो आणि तिथंच कोपऱ्यातल्या खोलीत राहतो. नांगरट, पाणी माझं; खुरपणी शकुची. उकिडवं बसून बसून तिच्या गुडघ्यांची पार वाट लागली, डॉक्टरांनी आता खाली बसायलाच बंदी केली आहे. खुरपायला दुसरी बाई मिळत नाही. सगळ्या जणी रिसॉर्टात चादरी बदलायला जातात, आणि त्यांचं काही चुकत नाही. मला तर हल्ली तण नुसतं बघितलं तरी थकायला होतं. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यंदा मशीनवर जमलं तर भाजी, नाहीतर जागा लग्नाच्या लॉनला. लॉनवाल्यांना आमची खोली नको होती.

म्हणून भेंडी लावताना मी दोन ओळींत अडीच फूट जागा सोडली, चांगली दोरी धरून. मग भाऊ आजारी पडला म्हणून तीन आठवडे जालन्याला गेलो. शनिवारी परत आलो. दुसऱ्या दिवशी सर मशीन चालताना बघायला येणार होते.

शेतात बघतो तर प्रत्येक मोकळ्या पट्ट्यात मेथी. आमच्याकडे बायका दोन ओळींच्या मध्ये घरापुरतं काहीतरी टाकतातच; जमीन उघडी दिसली की त्यांना करमत नाही. मी बांधावर बसलो. ओरडायचं होतं, पण प्रवासानं तेवढीही ताकद उरली नव्हती. बंदी असताना पेरलं कसं, एवढंच विचारलं. बसल्या बसल्या सरकत, ती म्हणाली. जागा मशीनसाठी आहे हे सांगितलं होतं ना, म्हटलं. सांगितलं होतं, ती म्हणाली.

"मशीन आलं, ते तुम्ही फिरवणार. मग माझं काय काम इथं? लॉनवाले यायच्या आधी मीच फालतू झाले ना."

मला लाज वाटली. मशीन मी सरांकडे तिच्या गुडघ्यांसाठीच मागितलं होतं. सरांना ते चार वेळा सांगितलं, तिला सांगायचं राहूनच गेलं. तेव्हा सांगितलं.

सकाळी सर आले. मेथी बघून त्यांचा चेहरा पडला. चालवायला जागाच नाही म्हणाले आणि खिशातून फोन काढला. कुणाला लावणार ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. शकु खोलीतून बाहेर आली, मशीनपाशी गेली.

"दोरी ओढा," मला म्हणाली.

मी ओढली, मशीन सुरू झालं. मी हँडल धरायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. "मी पेरलीय. मीच फिरवते."

मेथी आणि तण बरोबरच पात्यांखाली गेलं. शकु ताठ उभ्यानं चालत होती, एवढी वर्षं या शेतात मी तिला तसं काम करताना बघितलं नव्हतं. ओळीच्या टोकाला वळायला जागा नव्हती, दोन भेंड्या मेल्या. मी मशीनचं तोंड उचलून वळवून दिलं. चौथ्या ओळीला सरांनी फोन खिशात ठेवला आणि सूचना सुरू केल्या. मला हायसं वाटलं.

भेंडीच्या बुंध्याशी तण तसंच राहिलं होतं. तिथं पातं पोचत नाही, ते हातानंच काढावं लागतं. मी खुरपं घेऊन उकिडवा बसलो. पाचव्या बुंध्यालाच गुडघे ठणकायला लागले. वर बघितलं तर शकु हँडलला टेकून उभी होती.

"नऊ वर्षं," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि मागं राहून गेलेलं तण तिनं बोटानं दाखवलं.