बाहेर जाताना अंगावरच्या खुणा

ज्या वर्षी थोरल्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षीच्या एका रविवारी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी हवालदाराने पेनाचे टोपण काढले आणि उभ्या-उभ्याच कोठडीवहीचा शेवटचा रकाना भरला. ‘बाहेर जाताना अंगावरच्या खुणा : काही नाहीत.’ खाली सही केली. वेळेच्या जागी साडेसात लिहिले, कारण कोठडीतल्या माणसाला साडेसातला सोडायचे होते आणि साडेसातला हवालदार चर्चच्या सभागृहात खुर्च्या मांडत असणार होता.

सगळेच असे करत. माणूस आत येताना त्याचा सदरा उतरवून अंग बघायचे, काय दिसेल ते लिहायचे. बाहेर जाताना पुन्हा तसेच. नियम चांगला होता. पण सकाळी घाई असते, म्हणून दुसरा रकाना कोणी बघून भरत नसे. रविवारी तर घाई जास्त. ठाण्याचे मोठे साहेब दर रविवारी आठ वाजता, उपासनेच्या आधी, चर्चच्या सभागृहात पोलिसांसाठी शीलवर्ग घेत. दर महिन्याला एक गुण. त्याचे छापील कार्ड प्रत्येकाने खिशात ठेवायचे. त्या महिन्याचा गुण होता वक्तशीरपणा.

कोठडीत एक कुलूपवाला होता. बाजारातल्या एका दुकानातली पैशांची पेटी गेली होती आणि कुलूप मात्र शाबूत होते, म्हणून शनिवारी संध्याकाळी त्याला उचलून आणले होते. पहिला रकाना हवालदाराने नीट बघून भरला होता. ‘डाव्या अंगठ्यावर कापल्याची जुनी खूण. बाकी काही नाही.’ सदरा घालता घालता कुलूपवाला कोठडीच्या दाराकडे बघून म्हणाला होता,

“याला तेल द्या हो जरा. हे मीच बसवलंय. करकरतं, मलाच लाज वाटते.”

हवालदार हसला होता आणि रात्रीच्या पहाऱ्यावर शिपायांना सोडून घरी गेला होता.

रविवारी पहाटे दुकानदाराने निरोप धाडला की पेटी सापडली, मेहुण्यानेच नेली होती, तेव्हा त्या माणसाला सोडून द्या. प्रकरण मिटले. हवालदाराने वही मिटून खणात ठेवली. तेवढ्यात आतून हाक आली.

“हवालदार, जरा या ना इकडे.”

“आलोच,” हवालदार म्हणाला. त्याने बुटाची नाडी बांधली, घड्याळ पाहिले. सहा बारा. पहाऱ्यावरचा शिपाई त्याचा भाचा होता. त्याच्याकडे किल्ल्या टाकून तो निघाला.

वर्गात साहेबांनी बायबलमधली, दिव्यात तेल नसल्याने उशीर होऊन लग्नघराबाहेर राहिलेल्या मुलींची गोष्ट सांगितली. मग हवालदाराकडे हात केला. “यांच्याकडे बघा. बावीस रविवार झाले, एकदाही उशीर नाही.” तीस माना वळल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, “पाद्रीच तो.” ठाण्यात त्याला पाद्रीच म्हणत. त्याला त्याचे काही वाटत नसे. खरे तर बरे वाटे.

सोमवारी तो ठाण्यात आला तेव्हा बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

“कोण ही?” त्याने आतल्या कारकुनाला विचारले.

“कुलूपवाल्याची आई. तुमचा कालचा माणूस इस्पितळात आहे, पाद्रीबाबा. स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर पडला होता. तीन बरगड्या गेल्यात, आणि लघवीतून रक्त. न्यायाधीशांच्या कचेरीतून पत्र आलंय. पाचच्या आत कोठडीवही पाठवा म्हणून.” कारकून थांबला. “तुम्ही निवांत असा. तुमचा रकाना साफ आहे.”

हवालदाराने खण उघडून वही काढली. स्वतःचे अक्षर वाचले. काही नाहीत. साडेसात. सही. तो तसाच उठून मागच्या अंगणात गेला. भाचा तिथे बादली विसळत होता.

“किती जण होतात?”

“मामा, ते असं झालं...”

“किती जण?”

“दोघं. मी नुसता धरला होता.”

“नुसता धरला होता.”

“साहेबांनीच सांगितलं होतं, सकाळपर्यंत पेटीचा पत्ता काढा म्हणून. कसा काढायचा ते नाही सांगितलं. दुसरा मारत होता. मी म्हटलं पण त्याला, बास आता.”

“कितव्या फटक्यानंतर म्हटलंस?”

भाच्याने बादली उपडी केली. पाणी दोघांच्या पायांमधून वाहत गेले. आठ महिन्यांपूर्वी या पोराच्या भरतीसाठी हवालदार स्वतः साहेबांच्या घरी गेला होता. बाप नसलेले पोर. सहा वर्षांचा होता तेव्हापासून आईसकट मामाच्या घरी वाढलेला. गुडघ्यावर बसून प्रार्थना करायला त्याला मामानेच शिकवले होते. हवालदाराचा हात वर गेला. भाच्याने मान आक्रसली नाही, तो नुसता बघत राहिला, आणि म्हणाला,

“पण मामा, तुम्ही वही भरलीत ना? मग झालं की.”

हात हवेतच राहिला. मग हवालदाराने तो खाली घेतला आणि भिंतीवर इतक्या जोराने आपटला की चुन्याचे पोपडे पडले.

दुपारी तो जेवायला घरी गेला आणि जेवला नाही. बायको त्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती. त्याने सगळे सांगितले. सांगताना आवाज चढत गेला. साहेब असे, तो दुसरा शिपाई तसा, पोराला अक्कल नाही, ठाणे आहे की खाटीकखाना. बायको इस्त्री फिरवत राहिली. शेवटी तिने विचारले,

“वन्संना काय सांगणार?”

हवालदाराची बहीण मागच्या खोलीत झोपली होती. दार उघडेच होते.

“खरं तेच सांगेन.”

“सांगा. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, तेही धरा हिशेबात. हे घर सरकारचं आहे. जुळ्यांना घेऊन थोरली इथंच यायची आहे.” तिने इस्त्री उभी केली. “मी नको म्हणत नाही. फक्त एकदा सगळं बघून घ्या. तुम्ही रागात असलात की फक्त दुसऱ्याचं दिसतं तुम्हाला.”

“माझं काय दिसायचंय त्यात?”

बायकोने सदरा झटकून खुंटीला लावला. त्याच्या खिशातून वक्तशीरपणाचे कार्ड खाली पडले. ते तिने उचलले, पुसले आणि परत खिशात ठेवले. हवालदाराने ते काढून चार तुकडे केले.

साहेबांची खोली थंड होती. भिंतीवर बारा गुणांची बारा कार्डे एका चौकटीत लावलेली. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

“बसा हवालदार. मी आज सकाळपासून प्रार्थनेत आहे. त्या माणसासाठीही.”

“तो मेला तर?”

“नाही मरणार. आणि हे बघा, मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाही. तसलं मी कोणाला कधी सांगितलं नाही. वही जशी आहे तशी पाठवा. काहीच लिहू नका, एवढंच.”

“साहेब, तो इथून धड गेला, असं लिहिलंय त्यात.”

“कोणी लिहिलंय?”

हवालदाराची नजर चौकटीतल्या वक्तशीरपणाच्या कार्डावर गेली.

“मी नाही,” साहेब म्हणाले. “साडेसातला तुम्ही कुठे होतात ते मला ठाऊक आहे, मी तुमच्या समोर उभा होतो. म्हणजे ती सही कशी झाली तेही मला कळतं. मी ते ताणून धरत नाही. तुम्हीही ताणू नका. पोरगा तुमचाच आहे. त्याच्यासाठी माझा उंबरा कोणी झिजवला?”

हवालदार उठला. दाराशी पोचल्यावर वळला.

“पुढच्या महिन्याचा गुण कुठला आहे, साहेब?”

साहेबांनी चौकटीकडे पाहिले.

“धीर,” ते म्हणाले. त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही.

चार वाजता हवालदार आपल्या टेबलाशी बसला. वहीत खाडाखोड करायची नसते. चुकले तर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला सही आणि वेळ. त्याने पट्टी लावून रेघ मारली. कारकुनाचे टंकन थांबले. दारात भाचा येऊन उभा राहिला.

“मामा.”

हवालदाराने वर पाहिले नाही. त्याने लिहिले : ‘हा रकाना मी माणसाला न पाहता, सकाळी सहा पाचला भरला. साडेसातला मी ठाण्यात नव्हतो. रात्री पहाऱ्यावर दोन शिपाई होते. नावे हजेरीपटात आहेत. त्यांपैकी एक माझा भाचा. माराबद्दल त्याने मला स्वतः सांगितले आहे.’

अक्षर जाड उमटले, निब कागदात रुतत होते.

“आईला कळलं तर ती मरेल,” भाचा म्हणाला.

“नाही मरणार,” हवालदार म्हणाला, आणि हे आपण कोणाच्या तोंडून ऐकले ते त्याला आठवले.

वही कापडात बांधून, दोरा आवळून तो स्वतःच न्यायाधीशांच्या कचेरीकडे निघाला. दुसऱ्या कोणावर त्याचा भरवसा नव्हता. अंगात सकाळपासूनचा संताप होता, पण आता त्या संतापाला एक प्रकारचा सरळपणा आला होता. मान ताठ होती. पायऱ्यांवरून उतरताना म्हातारी दिसली. तशीच बसलेली. तो तिच्यासमोर थांबला.

“आई, मी सगळं खरं लिहिलंय. कोणाला सोडलं नाही. घरच्यालाही नाही.”

म्हातारीने त्याच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिले, मग तोंडाकडे.

“काल सकाळी तुम्हीच होतात का, भाऊ?”

“हो.”

“तो मध्ये दोनदा शुद्धीवर आला. म्हणाला, हवालदार चांगला होता. आदल्या दिवशी माझ्याशी हसून बोलला. म्हणून सकाळी त्यालाच हाक मारली.” ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. “आलोच म्हणाला, असं सांगत होता. बराच वेळ वाट बघितली म्हणे.”

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

“काही महत्त्वाचं काम निघालं असेल तुम्हाला,” म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरेच माहीत करून घ्यायचे होते.

“प्रार्थनेला जायचं होतं.”

म्हातारीने मान हलवली.

“पोचलात का वेळेवर?”

हवालदार तिच्या शेजारी बाकावर बसला. साडेचार झाले होते. कचेरी वीस मिनिटांवर होती. त्याने गाठोडे मांडीवर घेतले आणि दोऱ्याची गाठ सोडू लागला. गाठ त्यानेच आवळली होती, ती सुटेना. म्हातारीने पिशवीतून एक बारीक हत्यार काढले, मुलाचे असावे, पुढून वाकलेले, आणि त्याच्या हातात दिले. गाठ सुटली.

त्याने वही उघडली. त्याच्या ओळींखाली बोटभर जागा उरली होती. त्याने गुडघ्यावर धरून लिहिले : ‘सहा बाराला त्याने मला हाक मारली. मी ऐकली होती.’ सही केली, वेळ घातली. मग हत्यार परत दिले आणि निघाला. कचेरीत पोचला तेव्हा पाचला तीन मिनिटे कमी होती. तिथल्या शिपायाने घड्याळ पाहून म्हटले, “अगदी वेळेवर.” हवालदाराने वही त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

कुलूपवाला बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी इस्पितळात वारला. त्याचे वय एकतीस होते. आई तेव्हा खाली औषध आणायला गेली होती.