मतदानाच्या आठवड्यातलं महापौरांचं नाक

एकोणीसशे छप्पन्न साली ओहायोतल्या आमच्या गावच्या दैनिकात मी टायपिस्ट होते. समोरच्या टेबलाशी आमचे व्यंगचित्रकार ऑर्विल स्टेंगर बसायचे. बाह्यांना कायम शाईचे डाग. त्या उन्हाळ्यात ते महापौर डब्स यांच्यावर तुटून पडले होते. नदीकाठचं वाचनालय पाडून तिथे मोटारी लावायला जागा करायची, असा ठराव डब्स यांनी आणला होता, आणि ऑर्विल लहानपणी त्याच वाचनालयात बसून चित्रं काढायला शिकले होते.

रोज नवं चित्र. डब्स वाचनालय चावून खाताहेत, डब्स पुस्तकांवरून गाडी नेताहेत, नाक बटाट्याएवढं. आणि रोज साडेनऊला खुद्द डब्स यांचा फोन.

"अर्माबाई, आजचं मूळ चित्र पाठवा हं. हिने सोफ्याच्या वर जागा ठेवलीय."

तेव्हा रीतच होती तशी. ज्याची टर उडवली, तोच चित्र मागून न्यायचा आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा. डब्स यांच्या भिंतीवर अकरा झाली होती.

"मी थोबाडीत मारतोय," ऑर्विल कपाळ बडवत म्हणाले, "आणि हा माणूस म्हणतो, आणखी एक द्या, जरा उजेडात, लोकांना दिसेल अशी! शुक्रवारी नगरपालिकेच्या सभेत ठरावावर मतदान आहे, अर्मा. वाचनालय गेलंच म्हणून समज."

"मग काढूच नका ना त्याला," मी म्हटलं.

सोमवारपासून चित्रांतून डब्स गायब. त्यांच्याऐवजी पाणीखात्याचे प्रुइट. अगदी गरीब माणूस, स्वतःच्या सावलीलाही वाट देणारा. चित्रात मात्र तेच गाव चालवत होते, महापौरांच्या खुर्चीत बसून.

गुरुवारी डब्स स्वतः तीन जिने चढून आले. धापा टाकत.

"स्टेंगर, मी काय मेलोय? न्हाव्याकडे लोक विचारतात, राजीनामा कधी दिलात! त्या प्रुइटला बघून बायका हात हलवतात!"

"काय करू साहेब, तुमच्यात आता चित्रच सापडेना. वाचनालय पाडणारा महापौर शिळा झाला हो. काहीतरी नवं करा."

"नवं म्हणजे काय?"

"ते मी कसं सांगणार? मी दिसेल ते काढतो. उद्या सभेला वही घेऊन येतोय."

शुक्रवारी सभागृहात पुढच्या रांगेत प्रुइट बसले होते, नवा टाय लावून. डब्स यांनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं. चिटणीसांनी विचारलं, "ठरावाच्या विरोधात कोण?" दोन हात वर झाले. मग तिसरा, डब्स यांचा, स्वतःच्याच ठरावाविरुद्ध.

"विरोधात तीन, बाजूने दोन. ठराव नामंजूर," चिटणीस चाचरत म्हणाले. "साहेब... हात खाली घेतला तरी चालेल."

डब्स यांची नजर ऑर्विलच्या पेन्सिलीवर होती. मान न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून ते पुटपुटले, "थांबा हो. त्यांनी अजून माझी बोटं काढलेली नाहीत."