तीन सुरांतलं शून्य

तुम्ही तिचा आवाज घेतलात आणि वर तिलाच आभाराचं पत्र पाठवलंत. जाड पांढरा कागद, खाली दोन सह्या. ते पत्र आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आहे, आणि रोज सकाळी दूध काढताना माझी आई त्याच्याकडे जशी बघते, तसा परक्या गावच्या स्टेशनवर उतरलेला माणूस न कळणाऱ्या पाटीकडे बघत असेल.

पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर पोरगी काहीतरी बरळतेय असं म्हणून तुम्ही मोकळे व्हाल.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत चौसष्ट बायका उंच स्टुलांवर एका रांगेत बसायच्या. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन, हातात पिना लावलेल्या दोऱ्या. दिवा लागला की त्या भोकात पिन खुपसायची, ‘बोला, मी ऐकतेय’ म्हणायचं, नंबर विचारायचा आणि दुसरी पिन हव्या त्या भोकात बसवायची. गावातलं कुठलंही बोलणं या बायकांच्या हातांखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. डॉक्टर या क्षणी कुणाच्या घरी आहेत हे त्यांना ठाऊक असायचं, आणि घाबरलेला माणूस नंबर विसरला तरी त्या बरोबर जोडून द्यायच्या. मग आपोआप जोडणारी यंत्रं आली. दोन वर्षांत बोर्ड उतरवले गेले, त्रेसष्ट जणींना घरी पाठवलं आणि एकीला ठेवून घेतलं, कारण यंत्राला सगळं येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

ती एक म्हणजे आई. काचेच्या बंद खोलीत तिला अकरा दिवस बसवलं. ‘हा नंबर बदलला आहे’, ‘कृपया नवीन नंबर लिहून घ्या’ अशी वाक्यं, आणि मग सुटे आकडे, प्रत्येक आकडा तीन सुरांत. कारण नंबराच्या सुरुवातीला येणारं शून्य वेगळं, मधलं वेगळं आणि शेवटचं वेगळं. ते योग्य जागी बसलं नाही तर ऐकणाऱ्याला यंत्र बोलतंय हे कळतं. तेव्हा एकदा पुढे अजून काही यायचंय असं शून्य, एकदा मधेच असल्यासारखं, आणि एकदा सगळं संपल्यासारखं.

त्यानंतर आईने आकडे उच्चारले नाहीत. मी जन्मले त्याआधीपासून हे असंच होतं, त्यामुळे मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. दुकानात ती बोटं दाखवायची. किती वाजले विचारलं तर मनगट पुढे करायची. माझं वय कुणी विचारलं तर ‘शेजारणीच्या धाकट्याहून जराशी मोठी’ म्हणायची. बाबा हयात होते तेव्हा पाहुण्यांना सांगायचे, हिचे आकडे कंपनीने ठेवून घेतलेत, घरी वापरायला परवानगी नाही. आणि सगळे हसायचे, आईसुद्धा.

मी तंत्रज्ञानाच्या इतिहासावर प्रबंध लिहितेय. त्या एक्स्चेंजबद्दल जेवढं छापलंय तेवढं मी वाचलं. यंत्र कुणी शोधलं, कुठल्या साली बसवलं, तासाला किती कॉल जोडायचं, सगळं आहे. चौसष्ट बायकांचा एका ओळीत ‘कर्मचारी कपात’ असा निकाल लावलाय. माझं डोकं फिरलं. ज्यांच्या हातांनी गाव बोलत होतं त्यांना एका ओळीपलीकडे जागा नाही? मी रेकॉर्डर आणला आणि त्या थंडीत रोज दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईला बोलतं केलं. बोर्ड, मैत्रिणी, काम गेलं त्या दिवशी जिन्यावरची शांतता. मग तिचं लहानपण, भाऊ, घर, सगळं. तेव्हाच नवीन संग्रहालयात ‘आवाजाचं दालन’ उभं राहत होतं. यंत्राच्या इतिहासात माणसाचा आवाज, ही कल्पना मला इतकी आवडली की मी सगळं त्यांना देऊन टाकलं.

आई एकदाच कुरकुरली होती. टेबलावरचे कण बोटाने गोळा करत म्हणाली, ‘सगळंच सांगायला हवं का गं, भिंगरे? थोडं राहू दे ना माझ्याकडे.’

‘आई, तू सांगितलं नाहीस तर ते गेलंच समज,’ मी म्हणाले.

भिंगरी म्हणजे मी. एका जागी ठरत नाही म्हणून. ध्वनिमुद्रणात ती मला सारखं ‘भिंगरे’ म्हणायची: भिंगरे, पाणी पितेस का, भिंगरे, ती खिडकी लाव. ते मला फार घरगुती वाटलं. अभ्यासाच्या साहित्यात असलं लाडाचं बोलणं शोभत नाही म्हणून मी ते सगळे तुकडे कापून बाजूला काढले, आणि उरलेलं स्वच्छ करून, नियमाप्रमाणे रेकॉर्डरच्या मूळ कार्डासकट, संग्रहालयात दिलं.

दालन टप्प्याटप्प्याने उघडलं, दर सोमवारी एक भाग. भिंतीवर जुना काळा टेलिफोन. रिसीव्हर उचलायचा, काहीही विचारायचं, आणि आईच्या शब्दांची जुळवाजुळव करून यंत्र तिच्याच आवाजात उत्तर देणार. पहिल्या सोमवारी ‘कामाची जागा’ सुरू झाली. त्या दुपारी आईची बोर्डावरची मैत्रीण आली होती. तिला आम्ही तिखटमावशी म्हणतो, तिच्या जिभेमुळे. घरी गेलेल्या त्रेसष्टांतली ती एक, आणि चाळीस वर्षं झाली तरी आईला ‘काय सरकारी आवाज, बरी आहेस ना?’ असंच विचारते. आई तिला जुनं काही सांगायला गेली आणि ‘तेव्हा ती आपली...’ म्हणून थांबली. बोटांनी हवेत काहीतरी ओढून खुपसल्यासारखं केलं. दोरी म्हणायचं होतं तिला. तिचं तिलाच हसू आलं. वय झालं, मावशी म्हणाली.

दुसऱ्या सोमवारी ‘बालपण’ उघडलं. संध्याकाळी आई भावाचा फोटो हातात घेऊन बसली होती, आणि हा आपला कोण हे तिला कळत होतं, फक्त म्हणता येत नव्हतं.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. जीभ हलते, घसा ठीक, ऐकू येतं, समजतं, लिहायला सांगितलं तर मात्र हात कागदावर नुसता टेकून राहतो. डोक्यात काहीही सापडलं नाही, असं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तिखटमावशी म्हणाली, ‘ते मला बोर्डावर असल्यापासून माहितीये.’ आई खळखळून हसली. मग दोघी हसत हसत रडायला लागल्या, आणि मी उगीचच भांडी घासायला गेले.

वाचा शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते. खिडकी, मीठ, कात्री, पाऊस. आई एकेका पत्त्याकडे बघून मान हलवायची, आणि बाई जो शब्द आला नाही तो वहीत टिपून घ्यायच्या. तिसरा भाग, ‘घर’, सुरू झाला त्या आठवड्यात ती यादी अडीच पानांवर गेली. बाई गेल्यावर मी ती वही चाळत बसले, आणि मला वाटलं हा क्रम मी कुठेतरी पाहिलाय.

मीच केला होता तो. ध्वनिमुद्रण देताना प्रत्येक भागाची शब्दसूची जोडावी लागते, ती मी रात्रंदिवस खपून तयार केली होती. मी माझी सूची वहीशेजारी ठेवली आणि दोन्हींवर एकेक बोट फिरवत खाली आले. एकही शब्द चुकला नाही. वहीत होता तो सूचीत होता. सूचीत होता आणि वहीत नव्हता असे दोन सापडले, ‘उंबरा’ आणि ‘दुखतंय’. मी आईला उंबऱ्यापाशी नेलं, खाली बोट दाखवलं. तिने मान हलवली. दुसरा शब्द कसा विचारायचा ते मला सुचेना. पण ती गेले तीन दिवस पोट धरून बसत होती आणि मला वाटलं होतं ती रुसली आहे.

तुम्ही-तुम्ही म्हणून मी ज्यांच्याकडे बोट दाखवतेय त्यांना भेटायला मी दुसऱ्याच दिवशी गेले. संग्रहालयाच्या संचालिकाबाई फार नीट वागल्या. चहा दिला. दिवसाला नऊशे लोक तो रिसीव्हर उचलतात, म्हणाल्या, शाळांच्या सहली येतात, लोक बाहेर येऊन डोळे पुसतात. हेच तर तुम्हाला हवं होतं ना? मी म्हटलं, बंद करा. का, हे मला धड सांगता आलं नाही. जे सांगितलं ते ऐकून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आजारी माणसाच्या घरच्यांवर किती ताण येतो याबद्दल बोलल्या. मग संमतीपत्र काढलं. खाली आईची सही होती, वळणदार. साक्षीदार म्हणून माझी.

चौथ्या भागाला नाव नव्हतं. त्यात फक्त जोडकाम करणारे बारके शब्द होते, वाक्य गुळगुळीत व्हावं म्हणून. हो, नाही, मग, आणि, इथे, नको. त्या सोमवारी दुपारपर्यंत आईकडे एकच शब्द उरला.

‘भिंगरे.’

तहान लागली की भिंगरे. पडदा ओढायचा तर भिंगरे. पोटात कळ आली की तोच शब्द, पण दाबून, दातांतून. आठवडाभरात मला सगळे अर्थ कळायला लागले. एकाच शब्दावर आम्ही दोघी घर चालवू लागलो, आणि खोटं कशाला सांगू, त्यात एक प्रकारचं सुख होतं. एवढं नीट मी तिचं कधीच ऐकलं नव्हतं. एक दिवस तिने तो शब्द ओळीने तीन वेळा म्हटला. पहिल्यांदा चढता, मग सपाट, मग खाली उतरलेला. मी तिला थांबवलं.

आणि मग मी ती चूक केली. मला वाटलं, आपला आवाज समोरून ऐकला तर आतलं काही हलेल. एका दुपारी मी आणि तिखटमावशी तिला दालनात घेऊन गेलो. गर्दी नव्हती. आईने रिसीव्हर कानाला लावला तो अगदी जुन्या सवयीने, खांदा किंचित उचलून.

‘बोला, मी ऐकतेय,’ आतून आई म्हणाली. पत्र्याच्या छोट्या कर्ण्यातून ते आम्हालाही ऐकू येत होतं. कसला तरतरीत आवाज होता तो. तिखटमावशीने तोंडावर हात ठेवला.

आई कर्ण्याकडे वाकून बघू लागली.

‘बोला. आपण लाइनवर आहात का? घाबरू नका. नंबर आठवत नसेल तरी चालेल.’

हे वाक्य आईने मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे शब्द सगळे तिचेच; पण असं वाक्य मी टिपलेलं नव्हतं, माझ्या एकाही फाइलमध्ये नव्हतं. आईने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला, तोंड अगदी जवळ नेलं, आणि तिच्याकडे होता तो शब्द त्याला सांगितला.

थोडा वेळ नुसती खरखर.

‘हा शब्द माझ्याकडे नाही,’ आवाज म्हणाला. ‘कृपया पुन्हा सांगा.’

आई पुन्हा सांगू लागली. मग पुन्हा. बुडणारा माणूस किनाऱ्याला सांगतो तशी सांगत होती, आणि पलीकडून दर वेळी तेवढ्याच सौजन्याने पुन्हा सांगा येत होतं. शेवटी मी रिसीव्हर हिसकावून घेतला. तिखटमावशी मला एवढंच म्हणाली, ‘आम्हाला घरी पाठवलं तेव्हा मी हिच्यावर जळले होते गं,’ आणि आईचा हात धरून बाहेर चालू लागली.

त्यानंतरचे नऊ दिवस मी अर्ज, वकील, वर्तमानपत्रं असं करत पळत राहिले. कुणी ऐकलं नाही असं नाही; सगळ्यांनी ऐकून घेतलं. आज सकाळी मी ठरवलं की आता कुणाला विचारायचं नाही. पिशवीत तार कापायची पक्कड घातली. आई दारापर्यंत आली होती. रोज मी जिना उतरायला लागले की ती मागून हाक मारते आणि मी वर न बघता हात हलवते. आज हात हलवायचा राहिला एवढंच खाली पोचल्यावर लक्षात आलं. वर बघितलं तर ती कठड्याला धरून उभी होती. घाई होती. मी निघाले.

दालन दहाला उघडतं. मी पोचले तेव्हा तिथे ध्वनिमुद्रणाचं काम बघणारा तरुण एकटाच होता, गळ्यात हेडफोन अडकवून, टेलिफोनचा डबा पुसत. माझं ध्वनिमुद्रण त्यानेच ताब्यात घेतलं होतं. फार मन लावून काम करणारा माणूस. मला बघून त्याचा चेहरा उजळला. पिशवीत हात घालून मी पक्कड घट्ट धरली.

‘बरं झालं आलात, मी फोनच करणार होतो,’ तो म्हणाला. ‘त्या दिवशी तुमच्या आई येऊन गेल्या ना, तेव्हा यंत्राने एका शब्दावर अडल्याची नोंद केली होती, सतरा वेळा. मला चैनच पडेना. मग तुम्ही दिलेलं मूळ कार्ड पुन्हा उघडलं, तर तुम्ही कापलेले सगळे तुकडे त्यातच पडलेले होते, दोनशेच्या वर. काल रात्रभर बसून एकेक साफ केला आणि पहाटे आत घातला. ऐका ना, काय गोड हाक मारतात हो तुम्हाला.’